प्राध्यापक ‘कायम’ होतो म्हणजे काय?



आपल्या मध्यमवर्गीय घरांत मुलाला नोकरी लागली की पेढे वाटतात, आणि तो नोकरीत कायम झाला की पुन्हा एकदा वाटतात. या दोन पेढ्यांच्या मधला जो काळ, त्याविषयी आज आम्हांस बोलावयाचे आहे. इतर नोकऱ्यांत हा काळ ज्याचा त्याने काढावा. बाहेरच्या माणसाने त्यात लक्ष घालण्याचे फारसे कारण नसते. विद्यापीठातील व महाविद्यालयातील अध्यापकाची गोष्ट मात्र वेगळी आहे. तो किती दिवस उमेदवार राहतो, कोणत्या रीतीने पारखला जातो, केव्हा कायम होतो आणि पुढे त्याला कोण व कशासाठी काढू शकतो, यांवर पुष्कळ काही अवलंबून असते. तो वर्गात काय बोलेल, उत्तरपत्रिकेवर कोणता आकडा लिहील, कोणत्या प्रश्नाच्या संशोधनास हात घालील, हे सारे त्यात आले. तेव्हा हा प्रश्न एकट्या प्राध्यापकाच्या घरचा नाही; ज्यांची मुले त्याच्यासमोर बसतात त्या आपणा सर्वांचा आहे.

या बाबतीत समाजात दोन तक्रारी एकाच वेळी ऐकू येतात. पहिली अशी की, प्राध्यापक एकदा कायम झाला की त्याचे वाचन थांबते. पहिल्या वर्षी काढलेली टिपणे तो निवृत्त होईपर्यंत वाचून दाखवितो आणि त्याला कोणी विचारू शकत नाही. दुसरी अशी की, पीएच. डी. झालेले, नेट-सेट उत्तीर्ण झालेले तरुण दहा-दहा वर्षे तासांवर शिकवितात आणि दर वर्षी नव्याने मुलाखतीला उभे राहतात. दोन्ही तक्रारींत तथ्य आहे. परंतु पुष्कळ लोक पहिल्या तक्रारीवर उपाय म्हणून दुसरी स्थितीच सुचवितात. कोणालाच कायम करू नये, म्हणजे सगळे जागे राहतील, असे त्यांचे म्हणणे. हे औषध चुकीच्या रोग्याला दिले जात आहे, असे आमचे मत आहे. ते का, हे सांगण्यापूर्वी वस्तुस्थिती समजून घेतली पाहिजे. कारण या विषयात शब्दांचाच मोठा घोटाळा आहे.

चार प्रकारच्या नेमणुका

महाविद्यालयाच्या फळ्यासमोर उभी असलेली चार माणसे विद्यार्थ्याला सारखीच दिसतात. तो चौघांनाही ‘सर’ किंवा ‘मॅडम’ म्हणतो. कागदावर मात्र चौघांची स्थिती निराळी असते. पहिल्याची नेमणूक एका रिकाम्या, मंजूर, कायम जागेवर झालेली असते. जागेची जाहिरात निघाली, निवड समितीने मुलाखत घेतली, नेमणुकीचे पत्र मिळाले आणि त्यात लिहिले की अमुक काळ आपण उमेदवारीवर आहात. सरकारी कागदांत याला ‘परिवीक्षा’ म्हणतात आणि बोलण्यात ‘प्रोबेशन’. दुसरा हंगामी असतो. कोणी रजेवर गेले म्हणून तो आला आणि ते परतले की हा जाणार. तिसरा कंत्राटी, ठरावीक मुदतीसाठी, ठोक वेतनावर. चौथा तासिका तत्त्वावरचा. त्याने जितके तास घेतले तितक्या तासांचे पैसे त्याला मिळतात.

या चौघांपैकी उमेदवार असा खऱ्या अर्थाने पहिला एकटाच आहे. उमेदवारी म्हणजे नुसती कच्ची नोकरी नव्हे. ज्या काळाच्या शेवटी ‘होय’ किंवा ‘नाही’ असे उत्तर देण्यास संस्था बांधलेली आहे, तो काळ म्हणजे उमेदवारी. दुसऱ्या, तिसऱ्या व चौथ्या माणसाला असे उत्तर कोणीही देणे लागत नाही. म्हणून ‘आम्हीही पाच वर्षे उमेदवारी केली’ असे तासिका तत्त्वावरचा अध्यापक जेव्हा म्हणतो, तेव्हा त्याच्या भावना आपण समजू शकतो. परंतु कायद्याच्या दृष्टीने त्याची उमेदवारी सुरूच झालेली नसते. हा भेद लक्षात ठेवला म्हणजे पुढचे सगळे सोपे होईल.

पारख कशासाठी आणि कशी

कोणी विचारील की, पदव्या आहेत, पात्रता परीक्षा झाली, तज्ज्ञांनी मुलाखत घेतली, मग आणखी पारख कशाला? याचे उत्तर असे की, अर्ध्या तासाच्या मुलाखतीत माणसाला विषय येतो की नाही एवढे कळते. तो विषय दुसऱ्याला येईल असे त्याला करता येते की नाही, हे कळत नाही. सकाळच्या पहिल्या तासाला तो वेळेवर येतो का, मागच्या बाकावरून आलेल्या अडचणीच्या प्रश्नाने चिडतो की सुखावतो, उत्तरपत्रिका वाचून तपासतो की पाने मोजून, या गोष्टी वर्षभर एकत्र काम केल्याशिवाय दिसत नाहीत. संगीतातला गुरू शिष्याला काही काळ समोर बसवून मगच गंडा बांधतो. त्यात शिष्याचा अपमान नसतो. तसा अध्यापकाच्या उमेदवारीतही नाही. उलट, पारखून घेतलेला माणूस पुढे ताठ मानेने उभा राहू शकतो.

परंतु परीक्षा म्हटली की तिला वेळापत्रक हवे, परीक्षक हवा आणि निकालाचा दिवस हवा. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ साली केलेल्या नियमांत हे तत्त्व स्पष्टपणे उतरले आहे. त्या नियमांनी उमेदवारीचा काळ किमान एक वर्ष ठरविला. काम समाधानकारक नसेल तर तो आणखी फार तर एक वर्ष वाढविता येईल. मात्र तसा स्पष्ट हुकूम पहिले वर्ष संपण्यापूर्वी निघाला पाहिजे. काळ पूर्ण झाल्यावर, काम समाधानकारक असल्याची रीतसर खातरजमा करून, ४५ दिवसांच्या आत कायम केल्याचा हुकूम देणे संस्थेवर बंधनकारक केले. बारकाईने पाहिल्यास या नियमांतील बहुतेक बंधने उमेदवारावर नसून परीक्षकावर आहेत. मुदत त्याने पाळावयाची, हुकूम त्याने काढावयाचा, खातरजमा त्याने करावयाची.

मग उमेदवाराला काढता येतच नाही काय? येते. कायम झालेल्या माणसाचा जागेवर जो हक्क असतो तो उमेदवाराला नसतो, हे सर्वोच्च न्यायालयाने धिंग्रा खटल्यात १९५७ सालीच सांगितले. त्याचे काम जमत नाही असे प्रामाणिकपणे ठरले तर साध्या नोटिशीने त्याला निरोप देता येतो. पण त्याच निकालात दुसरी बाजूही आहे. गैरवर्तनाचा आरोप मनात धरून, शिक्षा म्हणूनच काढावयाचे असेल, तर चौकशी करावी लागते आणि त्या माणसाचे म्हणणे ऐकावे लागते. १९७४ साली शमशेरसिंग खटल्यात, जो न्यायखात्यातीलच उमेदवारांचा होता, सात न्यायमूर्तींनी असे ठरविले की हुकुमाची भाषा कितीही गोड असली तरी न्यायालय तिच्या आत काय आहे ते पाहील. हे दोन्ही खटले सरकारी नोकरांचे होते, परंतु त्यांतले तत्त्व पुढे शिक्षणसंस्थांच्या प्रकरणांतही लावले गेले. त्याचा साधा अर्थ असा की, ‘तुमची सेवा आता आवश्यक नाही’ एवढे एक वाक्य लिहून कोणाच्या कपाळावर न सिद्ध झालेला डाग लावता येत नाही.

आणि संस्था काहीच बोलली नाही तर? ना कायम केले, ना काढले, ना मुदत वाढविली. माणूस आपला शिकवीत राहिला. असा प्रश्न पंजाबातील शिक्षकांच्या बाबतीत धरमसिंग खटल्यात १९६८ साली आला. तेथील नियमांत उमेदवारीची कमाल मर्यादा तीन वर्षांची होती. ती उलटून गेल्यावरही त्यांना कामावर ठेवले होते. न्यायालयाने म्हटले की, नियमाने यापुढे मुदत वाढविता येत नसताना तुम्ही त्यांस ठेवून घेतले, त्या अर्थी ते कायम झाले असेच मानले पाहिजे. जेथे नियमात कमाल मर्यादा नाही किंवा कायम होण्यासाठी स्वतंत्र हुकूम सांगितलेला आहे, तेथे हा फायदा आपोआप मिळतोच असे नाही. म्हणून नव्या अध्यापकाने पगाराचा आकडा पाहण्याआधी नेमणूकपत्रातील ही दोन वाक्ये वाचावीत, असे आम्ही सुचवू.

आता खरी पारख कोणती? वर्षाच्या शेवटी प्राचार्यांनी एका छापील नमुन्यावर ‘समाधानकारक’ असे लिहिणे ही पारख नव्हे. विभागप्रमुखाने दोनचार वेळा वर्गात मागे बसावे, काय चुकले ते त्याच आठवड्यात सांगावे, तपासलेल्या उत्तरपत्रिका काढून पाहाव्यात, सहा महिन्यांनी दोष लेखी कळवावेत आणि सुधारण्यास वेळ द्यावा. जे दोष माणसाला कधी सांगितलेच नाहीत, त्यांसाठी त्याला शेवटच्या दिवशी काढणे म्हणजे अभ्यासक्रम न सांगता परीक्षा घेणे होय.

शाश्वती कशासाठी

इथवर पारखीचे झाले. आता कायम होण्याचे. कायम होण्यात माणसाला लाभ आहे, घरकर्ज मिळते, लग्न ठरते, हे खरे. पण समाजाने ही शाश्वती त्यासाठी निर्माण केली नाही. न्यायाधीशाला सरकारच्या लहरीने काढता येत नाही, ते न्यायाधीशाची सोय व्हावी म्हणून नव्हे, तर सरकारविरुद्ध दाद मागणाऱ्या माणसाला न्याय मिळावा म्हणून. अध्यापकही रोज लहानसहान न्यायनिवाडे करीत असतो. संस्थेच्या अध्यक्षांचा पुतण्या नापास होत असेल तर त्याला नापास करणे, गावातल्या बड्या कारखान्याच्या सांडपाण्याची तपासणी करणे, इतिहासातील एखादी लाडकी समजूत कागदपत्रांच्या आधारे खोडून काढणे, ही त्याची नित्याची कामे आहेत. ज्याची नोकरी येत्या एप्रिलपर्यंतच आहे, त्याने ती निर्भयपणे करावीत अशी अपेक्षा करणे म्हणजे त्याच्याकडून रोज हौतात्म्य मागणे आहे. हौतात्म्य एखाद्याला जमते. त्याच्या भरवशावर विद्यापीठे चालत नाहीत.

आज अमेरिकेत अध्यापकांच्या शाश्वतीचे जे नियम दिसतात, त्यांच्यामागे अशीच एक घटना आहे. अमेरिकेत कॅलिफोर्नियातील स्टॅनफर्ड विद्यापीठ एका रेल्वेमालकाच्या संपत्तीतून उभे राहिले. त्याच्या पश्चात त्याच्या पत्नीच्या हाती सर्व अधिकार होते. एडवर्ड रॉस नावाच्या अर्थशास्त्राच्या प्राध्यापकाची जाहीर भाषणे त्या बाईंना रुचली नाहीत आणि १९०० साली त्याला जावे लागले. रॉसची काही मते, विशेषतः पूर्वेकडून येणाऱ्या मजुरांविरुद्धची, आपल्याही कानांस गोड लागणार नाहीत. पण मालकाला मत आवडले नाही हे प्राध्यापकाला काढण्याचे कारण होऊ शकते काय, असा प्रश्न होता. त्याच्या सहकाऱ्यांपैकी काहींनी निषेध म्हणून स्वतःच्या नोकऱ्या सोडल्या. त्यांतला एक, आर्थर लव्हजॉय, पुढे १९१५ साली स्थापन झालेल्या अमेरिकन प्राध्यापक संघाचा पहिला चिटणीस झाला. पहिले अध्यक्ष होते तत्त्वज्ञ जॉन ड्यूई.

या संघाने महाविद्यालयांच्या संघटनेबरोबर बसून १९४० साली जे निवेदन तयार केले, त्यातील तीन गोष्टी आपण लक्षात घ्याव्यात. उमेदवारीचा काळ सात वर्षांहून अधिक असू नये. ठेवावयाचे नसेल तर ती मुदत संपण्यापूर्वी किमान एक वर्ष आधी तसे कळवावे. त्यानंतर निवृत्तीचे वय, संस्थेवरील विलक्षण आर्थिक संकट किंवा पुरेसे सिद्ध झालेले कारण, एवढ्यांवाचून काढू नये. आणि तिसरी, आमच्या मते सर्वांत महत्त्वाची: उमेदवारीच्या काळातही अध्यापकाला इतरांइतकेच विचारस्वातंत्र्य असावे. पारख त्याच्या कामाची व्हावयाची आहे, त्याच्या वाकण्याची नव्हे. जो सात वर्षे मान खाली घालून वागला, तो आठव्या वर्षी एकाएकी ताठ होईल ही आशा व्यर्थ आहे.

हाच प्रश्न आपल्या पुण्यात वेगळ्या रीतीने सोडविला गेला होता. १८८४ साली डेक्कन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली आणि पुढच्या वर्षी फर्ग्युसन कॉलेज निघाले. तेथील आजीव सदस्य वीस वर्षे सेवा करण्याची प्रतिज्ञा घेत आणि दरमहा ७५ रुपयांवर राहत. पगार थोडा होता, पण रोजचा कारभार शिकविणाऱ्यांच्याच हाती होता. आगरकरांनी १८८८ साली ‘सुधारक’ काढले. त्यांची मते गावाला इतकी झोंबली की जिवंतपणी त्यांची प्रेतयात्रा निघाली. तरी १८९२ साली ते त्याच कॉलेजचे प्राचार्य झाले आणि १८९५ साली मृत्यू येईपर्यंत त्या पदावर राहिले. कर्व्यांनी १८९३ साली विधवेशी विवाह केला, त्यांच्या गावाने त्यांस वाळीत टाकले. फर्ग्युसनमधील त्यांचे गणिताचे अध्यापन मात्र १९१४ पर्यंत चालू राहिले. या संस्थेत भांडणे नव्हती असे नाही. १८९० साली टिळक राजीनामा देऊन बाहेर पडले, ही तर इतिहासप्रसिद्ध गोष्ट आहे. पण कोणा बाहेरच्या धनिकाने रागावून आगरकरांना उद्यापासून येऊ नका असे सांगावे, ही सोय तेथे नव्हती. ती असती तर महाराष्ट्राचे काय झाले असते, याचा विचार आपणच करावा.

सगळ्या संस्था अध्यापकांच्या मालकीच्या असू शकत नाहीत. शिक्षणाचा पसारा वाढला, जिल्ह्याजिल्ह्यांत, तालुक्यातालुक्यांत महाविद्यालये निघाली, संस्थाचालक वेगळे आणि शिकविणारे वेगळे झाले. मग प्रतिज्ञेने जे काम केले ते कायद्याला करावे लागले. महाराष्ट्रात २०१६ च्या सार्वजनिक विद्यापीठ कायद्याखाली विद्यापीठ व महाविद्यालय न्यायाधिकरण आहे. सेवेतून काढलेल्या अध्यापकाला तेथे अपील करता येते. शाश्वती या शब्दाचा व्यवहारातला अर्थ एवढाच. काढता येत नाही असे नव्हे. कारण सांगून, ऐकून घेऊन आणि वरच्या दारी जाण्याची वाट मोकळी ठेवूनच काढता येते.

कायम झालेला झोपला तर

आता पहिल्या तक्रारीकडे वळू. कायम झाल्यावर वाचन सोडून देणारे, तासाला दांडी मारणारे प्राध्यापक आहेत, हे नाकारण्यात अर्थ नाही. प्राध्यापकांच्या संघटनांनीही ते नाकारू नये. नाकारल्याने चांगल्यांची बाजू लंगडी होते. पण अशा माणसाला काढता येत नाही, ही समजूत खरी नाही. आरोप लेखी द्यावा, चौकशी नेमावी, त्याचे म्हणणे ऐकावे, दोष सिद्ध झाल्यास शिक्षा द्यावी, असा मार्ग नियमांत आहे. तो चोखाळला जात नाही, कारण त्याला श्रम पडतात, पुरावा गोळा करावा लागतो आणि सहकाऱ्याविरुद्ध बोलावे लागते. हा दोष शाश्वतीचा नाही, चौकशी टाळणाऱ्यांच्या आळसाचा आहे.

इंग्लंडने या बाबतीत एक पाऊल उचलले. १९८८ च्या शिक्षणसुधारणा कायद्याने विद्यापीठांच्या नियमांत बदल करण्यासाठी आयुक्त नेमले. २० नोव्हेंबर १९८७ पासून नेमलेल्या किंवा बढती मिळालेल्या अध्यापकांना जागा अतिरिक्त ठरल्यास कमी करता येईल असे झाले. जुनी शाश्वती अशी गेली. पण त्याच कायद्याला हेही लिहावे लागले की, रूढ समजुती तपासून पाहण्याचे आणि नवी किंवा लोकांना न आवडणारी मते मांडण्याचे स्वातंत्र्य अध्यापकाला असावे आणि त्यापायी त्याची नोकरी धोक्यात येऊ नये. ज्यांनी शाश्वती कमी केली त्यांनासुद्धा तिच्या आतले बी टाकून देता आले नाही.

आणि सर्वांत साधा मुद्दा असा. नव्या माणसांना तासांवर नेमल्याने जुना झोपलेला जागा होत नाही. तो आपल्या जागी सुरक्षितच असतो. शिक्षा भोगतो तो नवा, ज्याचा काही दोष नाही. रोग एकाला आणि लंघन दुसऱ्याला, असा हा प्रकार आहे.

न संपणारी उमेदवारी

तासिका तत्त्वावरच्या अध्यापकाचे वर्ष कसे असते ते पाहा. सत्र सुरू होताना मुलाखत. नेमणूक त्या वर्षापुरती. घेतलेल्या तासांचे पैसे. सुटीचे नाहीत, तयारीचे नाहीत. एका महाविद्यालयातले तास पोटाला पुरत नाहीत म्हणून दुसऱ्या गावचे महाविद्यालय धरावयाचे आणि मधला वेळ एस. टी.त काढावयाचा. देयक मंजूर होऊन पैसे हाती येईपर्यंत कधी कधी महिने जातात. सत्र संपले की नेमणूक संपली. पुढच्या वर्षी पुन्हा पहिल्यापासून. अशी आठ वर्षे गेली तरी त्याच्या कामाची रीतसर पारख झालेली नसते, कारण त्याला उत्तर देणे कोणावर बंधनकारकच नाही. ज्याला एका वर्षात पारखावयाचे, त्याला कायम करतात. ज्याला कोणी पारखीतच नाही, तो वर्षानुवर्षे उमेदवारासारखा उभा आहे.

उन्हाळ्याच्या सुटीपूर्वी सेवा संपवून सुटीनंतर पुन्हा नेमण्याची ही युक्ती जुनी आहे. हरियाणातील हंगामी शिक्षकांच्या प्रकरणात १९८५ साली सर्वोच्च न्यायालयाने तिच्यावर कडक ताशेरे ओढले आणि सुटीचे वेतन देण्यास सांगितले. गोव्यातील एका शिक्षिकेच्या खटल्यात १९८८ साली न्यायालयाने ठरविले की, औद्योगिक कलह कायद्याच्या अर्थाने शिक्षक हा ‘कामगार’ नव्हे. त्यामुळे गिरणीतल्या माणसाला जी दारे उघडी होती ती त्याला बंद झाली. मात्र शिक्षकांची पिळवणूक होते हे मान्य करून, त्यांच्यासाठी योग्य यंत्रणा असणे आवश्यक आहे, असेही त्याच निकालात सांगितले.

दुसरी बाजूही आपण ऐकली पाहिजे. २००६ साली उमादेवी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने सांगितले की, नियमित निवड न होता मागच्या दाराने नेमलेल्या माणसांना केवळ पुष्कळ वर्षे काम केले म्हणून कायम होण्याचा हक्क मिळत नाही. यात कठोरपणा आहे, पण न्यायही आहे. जाहिरात निघाली असती तर अर्ज केला असता, असा कोणी तरी दूरच्या गावी बसलेला असतो. त्याचाही विचार करावयास हवा. म्हणून ‘सगळ्यांना सरसकट कायम करा’ ही मागणी आम्ही करीत नाही. आमचे म्हणणे असे की, जागा आहे, काम आहे, विद्यार्थी आहेत, तर जाहिरात वेळेवर का निघत नाही? पुढचे दार बंद ठेवावयाचे आणि मग तू मागच्या दाराने आलास म्हणून माणसाला बोल लावावयाचा, हे न्यायाचे नाही.

२०१८ च्या नियमांनी कंत्राटी नेमणुका अगदी आवश्यक असतील तेव्हाच कराव्यात आणि त्या एकूण अध्यापकपदांच्या १० टक्क्यांहून अधिक असू नयेत, असे म्हटले होते. कागद आणि वर्ग यांच्यातले अंतर २०२५ साली पुन्हा दिसले. गुजरातेतील सरकारी अभियांत्रिकी महाविद्यालयांतले कंत्राटी अध्यापक दरमहा ३०,००० रुपयांच्या ठोक वेतनावर वर्षानुवर्षे शिकवीत होते. त्यांचे नियमित सहकारी तेच काम पूर्ण वेतनश्रेणीत करीत होते. सर्वोच्च न्यायालयाने त्यांना किमान वेतनश्रेणीइतके वेतन देण्याचा आदेश दिला. समारंभात गुरूला ब्रह्मा-विष्णू म्हणून चालत नाही, ते त्याच्याशी वागताना दिसले पाहिजे, अशा अर्थाचे उद्गारही काढले.

हे दुखणे केवळ आपल्याकडचे नाही. जर्मनीत २००७ च्या कायद्याने मुदतीच्या नोकरीवर डॉक्टरेटपूर्वी सहा आणि नंतर सहा वर्षांची मर्यादा घातली. हेतू चांगला होता. पण कायम जागा थोड्या असल्यामुळे बारा वर्षांनी विद्वान माणूस चाळिशीत बाहेर पडतो, अशी ओरड तेथे २०२१ साली फार मोठ्या प्रमाणावर झाली. अमेरिकेतही आज बहुसंख्य शिकविणारे शाश्वतीच्या वाटेबाहेरच आहेत. मुदत घातली पण मुदतीच्या शेवटी जागा ठेवली नाही, तर उमेदवारी ही पायरी न राहता कडेलोट होते, एवढा बोध त्यातून घ्यावा.

आपण काय विचारावे

येथे जमलेल्यांपैकी पुष्कळांची मुले-नातवंडे महाविद्यालयांत आहेत. प्रवेशाच्या वेळी आपण इमारत पाहतो, निकालाची टक्केवारी विचारतो. त्याबरोबर आणखी काही प्रश्न विचारावेत अशी आमची विनंती आहे. या विषयाच्या मंजूर जागा किती आणि त्यांतल्या भरलेल्या किती? माझ्या मुलाला शिकविणाऱ्यांपैकी किती जण पुढच्या वर्षी येथेच असतील? नव्या अध्यापकाच्या वर्गात विभागप्रमुख वर्षातून किती वेळा जाऊन बसतात? आणि कायम झालेल्या एखाद्या अध्यापकाविरुद्ध विद्यार्थ्यांची तक्रार आली, तर तिची चौकशी करण्याची पद्धत कोणती? पहिले दोन प्रश्न नव्या अध्यापकाच्या बाजूचे आहेत, पुढचे दोन विद्यार्थ्याच्या. आणि चारही एकाच गोष्टीचे आहेत.

कारण अध्यापक बदलत राहिला तर मुलाचे काय जाते, हे पैशांत मोजता येत नाही. तिसऱ्या वर्षी शिफारसपत्र लिहून देणारा, पहिल्या वर्षी त्याला पाहिलेला माणूस तेथे नसतो. प्रबंधाचा विषय सुचविणारा पूर्ण होण्याच्या आत निघून गेलेला असतो. तास संपताच दुसऱ्या गावची गाडी गाठावयाची असल्यामुळे वर्गाबाहेर उभे राहून शंका विचारण्याची सोय नसते. आणि ज्या मुलाला नापास करावयास हवे होते त्याला काठावर पास केले जाते, कारण पुढच्या वर्षीची नेमणूक कोणाच्या हाती आहे हे तपासणाऱ्याला ठाऊक असते.

पारख कडक असावी, पण ती मुदतीत व्हावी आणि तिचा निकाल लागावा. निकाल ‘होय’ असा लागला तर माणसाला निर्भयपणे काम करू द्यावे आणि त्याने काम सोडले तर चौकशी करण्याचे श्रम घ्यावेत. निकाल ‘नाही’ असा लागला तर तो कारणांसह, वेळेवर आणि सभ्यपणे सांगावा, म्हणजे त्याला वयाच्या तिशीत दुसरी वाट धरता येईल. चाळिशीपर्यंत त्याला आशेवर झुलवीत ठेवणे ही दया नव्हे. एवढे जरी आपल्या महाविद्यालयांनी पाळले, तरी नोकरीत कायम झाल्याचे पेढे फक्त त्याच्या घरी न वाटता त्याच्या विद्यार्थ्यांच्या घरीही वाटावेत, असा दिवस येईल.